अंगठा येत नाही

आजी सही शिकली ती मनीऑर्डरसाठी.

आजोबा मुंबईला मशीद बंदरावर माथाडी होते. पाटण तालुक्यातल्या डोंगरकपारीच्या गावांमधले निम्मे बाप्ये त्या काळी पाठीवर पोती वाहायला मुंबईला गेलेले असत, आणि मागं राहिलेल्या बायका महिना लागला की पोस्टमनच्या वाटेकडं डोळे लावून बसत. पोस्टमन आला की ओसरीवर टेकायचा, शाईची डबी उघडायचा, आजीचा अंगठा धरून फॉर्मवर दाबायचा. पण नुसत्या अंगठ्यावर भागत नसे. हा अंगठा हिचाच, असं लिहून द्यायला साक्षीदार लागे. साक्षीदार म्हणजे आळीतला कुणीतरी लिहिता येणारा माणूस. तो फॉर्म वाचणार, आकडा बघणार, खाली सही ठोकणार, आणि दिवस मावळायच्या आत पैसे किती आले ते आळीभर होणार. चाळीस आले तर उसनं मागायला माणूस दारात. वीसच आले तर नळकोंड्यावर कुजबुज, की ह्याचं तिकडं दुसरं बिऱ्हाड दिसतंय.

1959 साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावंच्या गावं साक्षर करायची, रात्रीचे वर्ग भरवायचे, आणि गाव पुरतं झालं की ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी ती चळवळ. पुढं 1972 मध्ये तिला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. आमच्या गावचा वर्ग देवळात भरे. आजी तेव्हा एकोणीस वर्षांची, पदराखाली माझा मोठा काका. भाकरी-कालवण आवरून ती कंदिलाच्या उजेडात पाटीवर नाव गिरवायला बसायची. पेपर वाचण्याइतकी ती कधीच शिकली नाही. आकडे आले, बसची पाटी वाचता आली, आणि सही आली. चार अक्षरं, एकमेकांपासून जरा लांब लांब, वरची रेघ एका दमात ओढलेली.

त्यानंतरच्या मनीऑर्डरीची गोष्ट तिनं मला किती वेळा सांगितली असेल याची मोजदाद नाही. पोस्टमन आला, तिनं पेन मागून घेतलं, सही केली, त्यानं नोटा मोजून हातात दिल्या आणि तो निघून गेला. गोष्ट एवढीच. शेवट ठरलेला असे. "आन् त्या दिशी किती आलं त्ये कुणाला कळलं न्हाई."

24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्कातच तो आहे. दावा होता कर्नाटकातल्या के. एस. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायमूर्तींचा, आधारच्या विरोधात 2012 मध्ये दाखल केलेला. सरकारी बाजूचं म्हणणं असं होतं की असा हक्क घटनेत कुठं लिहिलेलाच नाही. त्या निकालात धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला 1976 चा निकाल चुकीचा ठरवला, आणि त्या जुन्या निकालावर त्यांच्या वडिलांची, यशवंतराव चंद्रचूडांची सही होती. पेपरांनी बापलेकाची ती गोष्ट रंगवून छापली. मला मात्र बातमी वाचताना आमची ओसरी आठवली. खासगीपणा ही इंग्रजी शिकलेल्या शहरी माणसांची चैन आहे, गरिबाला त्याचं काय, असं बोलणारे तेव्हा पुष्कळ होते. ज्यांच्या मनीऑर्डरीचा आकडा गावानं कधी वाचला नाही, त्यांनाच असं बोलणं जमतं.

त्याच सुमाराला आमच्या गावच्या रेशन दुकानात ई-पॉस मशीन आलं, अंगठ्याचा ठसा आधारशी जुळला तरच धान्य द्यायचं, असं.

दुकानात रेंज नव्हती. म्हणून दुकानदार मशीन घेऊन देवळाच्या पायऱ्यांवर बसायचा. अंगठे पायऱ्यांवर, धान्य खाली दुकानात. उन्हातान्हात पारापर्यंत बायकांची रांग. आजोबा गेल्यावर आजीचं कार्ड तिच्या एकटीचं होतं. मुलांनी आपापली नावं कधीच नवी मुंबईला नेलेली. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य ठरवलेलं आहे, तेव्हा तांदूळ तीन रुपयांनी मिळे, गहू दोन रुपयांनी. तिचे पाच किलो. घरात खायला ददात होती असं नाही, काका महिन्याचं सामान भरून जायचा. पण त्या कार्डावर तिचं नाव होतं आणि ते धान्य तिच्या हक्काचं होतं. ते सोडायचं असतं हे तिला पटवणं कुणाला शक्य नव्हतं. रांगेत तिच्या मागंपुढं अशा बायका होत्या की ज्यांना ते पाच किलो सुटले असते तर महिन्याच्या शेवटच्या आठवड्याची चूल विझली असती. आजीचं बोलताना मी त्यांना विसरू नये.

"आजी, अंगठा येत न्हाई तुमचा."

"आरं, माजाच हाय की. दुसऱ्याचा कुठनं आणू?"

मग पदरानं पुसून परत. मग पाण्यानं धुऊन परत. मग उजव्या हाताचं मधलं बोट. कुणी सांगितलं व्हॅसलीन लावा, कुणी म्हटलं डोक्याला हात फिरवा म्हणजे तेल लागेल. पाच-सहा वेळा लाल दिवा. "आता दुपारच्याला या, सर्व्हर हलका आसतोय." दुपारी सर्व्हर बंद. दुसऱ्या दिवशी परत.

ठसा म्हणजे कातडीवरच्या बारीक उंचवट्यांचं नक्षीकाम. मशीन त्यातल्या रेघा कुठं संपतात आणि कुठं फुटून दोन होतात तेवढ्या जागा टिपतं. ते टिपण बंगळुरू नाही तर हरियाणातलं मानेसर, जिथं आधारची माहिती ठेवलेली आहे, तिथं जातं आणि उत्तर येतं ते एकाच शब्दाचं, हो किंवा नाही. का नाही, ते रांगेतल्या माणसाला कळत नाही. आजीच्या अंगठ्यावर रेघा होत्याच कुठं? भाताचा चिखल तुडवत आणि रोपं लावत साठ पावसाळे गेलेले. भुईमुगाच्या शेंगा तोडून, नाचणी मळून, राखेनं भांडी घासून, तव्यावरची भाकरी बोटांनी उलटून तो अंगठा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. वयानं कातडी सुरकुतते ती वेगळीच. म्हणजे ज्यानं जन्मभर हातानं काम केलं त्याची ओळख पुसट, आणि ज्याचे हात मऊ राहिले त्याची ठळक. हे मशीन बनवणाऱ्यांच्या मनात आलं नसेल असं मला वाटत नाही. आलं असेल, आणि असे किती अंगठे येतील याचा टक्का काढून तो चालण्यासारखा मानला असेल. त्या टक्क्यात कोण बसतं, हा प्रश्न मला सोडत नाही. त्यात कधी बँकेचा मॅनेजर बसत नाही, शेतमजूर बाई बसते.

मराठीत आपण सही करतो, पण अंगठा घेतला जातो. सही करणारा माणूस कर्ता असतो. तो कागद वाचू शकतो, निदान वाचून घेऊ शकतो, आणि पटलं नाही तर पेन खाली ठेवू शकतो. अंगठा झोपेत घेता येतो, बेशुद्धीत घेता येतो, मेल्यावरही घेता येतो. खेड्यात भाऊबंदकीच्या किती खटल्यांत मेलेल्या म्हाताऱ्याच्या अंगठ्याची गोष्ट निघते ते कुठल्याही तालुक्याच्या वकिलाला विचारावं. आजीच्या पिढीनं कंदिलाखाली बसून अंगठ्याची सही केली ती एवढ्यासाठी. "अंगठेबहाद्दर" ही शिवी त्यांनी अंगावरून झटकली होती. आणि वयाच्या शहात्तराव्या वर्षी तिला सांगण्यात आलं की तुझी सही चालत नाही, अंगठा दे, आणि दिलास तरी तो येत नाही.

अंगठ्याची ही सरकारी आवड जुनी आहे. 1858 मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं रस्त्याची खडी पुरवणाऱ्या राज्यधर कोनाई या ठेकेदाराकडून कराराच्या मागं अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. पुढं त्यानं सही नाकारू नये म्हणून. 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय उघडलं. ठसे लावून ठेवण्याची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी फौजदारांचा मोठा वाटा, पण ती जगात ओळखली गेली ती त्यांच्या साहेबाच्या नावानं. 1906 मध्ये दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवाल सरकारनं हिंदी लोकांची सक्तीची नोंदणी आणि बोटांचे ठसे घेण्याचा कायदा आणला, त्याविरुद्ध गांधीजींनी पहिला सत्याग्रह उभारला. पुढं 1908 च्या तडजोडीत त्यांनी ठसे द्यायचं कबूल केलं, पण सक्ती उठणार असेल आणि आपण होऊन द्यायचे असतील तर. त्यांच्याच माणसांना तो फरक पटला नाही, आणि गांधीजींनी त्यांच्या हातचा मार खाल्ला. मला तो फरक पटतो. बोट तेच, शाई तीच, दिलेलं आणि घेतलेलं यात सगळं अंतर आहे.

देशातला पहिला आधार क्रमांक महाराष्ट्रात दिला गेला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, 29 सप्टेंबर 2010 ला, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हजेरीत. तेव्हा सांगितलं होतं की हे ऐच्छिक आहे. ज्याच्याकडं कसलाच कागद नाही त्याला ओळख मिळेल, असं सांगितलं होतं, आणि शब्दही सुरेख निवडला होता. 2016 मध्ये कायदा झाला तो धन विधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेचं म्हणणं बंधनकारक राहिलं नाही. सातव्या कलमानं सरकारी लाभासाठी आधार मागायची मुभा दिली. 26 सप्टेंबर 2018 ला, अडतीस दिवसांच्या सुनावणीनंतर, 1448 पानांच्या निकालात न्यायालयानं ते कलम चार विरुद्ध एक मतांनी टिकवलं. खासगी कंपन्यांना आधार मागायची दिलेली मोकळीक काढून घेतली, रेशन मात्र अंगठ्याशी बांधलेलंच राहिलं. ते एक विरोधी मत चंद्रचूडांचं. ठसा जुळला नाही म्हणून माणसाचा हक्क नाकारला जाऊ शकत नाही, हे त्यांनी त्यात लिहून ठेवलं आहे. कायदा कळणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात, विरोधी मत भविष्यासाठी असतं. आजी तेव्हा सत्त्याहत्तरची होती.

मशीन येण्याआधी सगळं ठीक होतं असं मी म्हणणार नाही. आधीचा दुकानदार कार्डावर "मिळाले" लिहायचा आणि धान्य रातोरात टेम्पोनं जायचं. "माल आलाच न्हाई" हे वाक्य आजीनं तीस वर्षं ऐकलं होतं. ई-पॉसमुळं कुठल्या दुकानात किती आलं, किती गेलं हे कुणालाही ऑनलाइन बघता येऊ लागलं. मेलेल्यांच्या नावावरचं धान्य थांबलं. कोपरखैरण्याला राहणाऱ्या माणसाला गावच्या कार्डावर तिथंच धान्य घेता येऊ लागलं, आणि पाटणच्या माणसासाठी ही लहान गोष्ट नव्हे. हे सगळं मी मान्य करतो. पण चोर होता दुकानदार, आणि दर महिन्याला आपण खरे आहोत हे सिद्ध करायला उन्हात उभी राहिली आजी. हे मला कुणी समजावून द्यावं.

नियम होता. सप्टेंबर 2017 मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात, आधार जोडलं नाही म्हणून रेशनकार्ड रद्द झालेल्या घरातली अकरा वर्षांची मुलगी भुकेनं गेली असं तिच्या आईनं सांगितलं. सरकारनं ते नाकारलं, आजारपणाचं कारण दिलं. पण महिन्याभरात, ऑक्टोबरमध्ये, केंद्राच्या अन्न विभागानं सगळ्या राज्यांना कळवलं की आधार नाही किंवा ठसा जुळत नाही म्हणून कुणालाही धान्य नाकारायचं नाही, वेगळ्या वहीत नोंद करून द्यायचं. ते पत्र मी छापून घेतलं आणि 2019 च्या उन्हाळ्यात सुट्टीला गेलो तेव्हा दुकानदाराला दाखवलं. तो काही वाईट माणूस नव्हता. त्यानं पत्र दोनदा वाचलं, म्हणाला, "वहीवर दिलं की वरनं इचारत्यात, इतकी नावं वहीवर कशी. मलाच चोर ठरवत्यात." तरी त्यानं त्या महिन्यापुरती वही काढली. सवयीनं शाईचं पॅड पुढं सरकवलं. आजीनं ते बाजूला केलं आणि त्याच्या खिशातलं पेन मागितलं.

कोरोनाच्या साथीत राज्य सरकारनं लोकांचे अंगठे घेणंच थांबवलं, संसर्ग होईल म्हणून. दुकानदारानं स्वतःचा अंगठा लावायचा आणि धान्य द्यायचं. त्या महिन्यांत आजीला एकही फेरी पडली नाही. काही बुडालं नाही. साथ ओसरली, अंगठा परत आला.

काका तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी आहे, मशीद बंदरावरचा बाजार नवी मुंबईला हलला तेव्हा तोही हलला. गेल्या काही वर्षांत महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात नव्या इमारती उठल्या आहेत. उंच, राखी, खिडक्या जवळजवळ नाहीत. आत माणसं थोडी आणि यंत्रं फार. गच्चीवर थंडाईची अजस्र धुडं, मागं ओळीनं डिझेल जनरेटर. ही डेटा सेंटरं. देशातली सगळ्यात जास्त मुंबई आणि नवी मुंबईत आहेत, कारण समुद्राखालच्या केबली इथं किनाऱ्याला लागतात. तिथली वीज क्षणभरही जाऊन चालत नाही आणि यंत्रं तापून चालत नाहीत. काकाच्या इमारतीत मे महिन्यात पाण्याचा टँकर मागवावा लागतो. आजीचा अंगठा तिथं जात नव्हता, त्याचं घर बंगळुरूला. पण जात एकच. आपण "क्लाउड" म्हणतो आणि डोळ्यापुढं पांढरा कापूस येतो. त्या कापसाला वीज लागते, पाणी लागतं, जमीन लागते. आमच्या खोऱ्याला हे नवीन नाही. कोयनेचं धरण झालं तेव्हा शिवसागराखाली गावं गेली, माणसं रायगड-ठाण्यापासून सोलापूर-सांगलीपर्यंत विखुरली, आणि 1960 मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला. त्याच खोऱ्याच्या अंगाखांद्यावरच्या वाड्यांत वीज गेली की मोबाइलचा टॉवर मरतो, टॉवर मेला की मशीन मरतं, आणि धान्याची पोती दुकानात नजरेसमोर थप्पीला लागलेली असताना बाया रिकाम्या पिशव्या घेऊन घरी जातात.

ती मशीनंही आता बदलली. टू-जीची गेली, फोर-जीची आली. पाच-सहा वर्षं चालणाऱ्या डब्यात बॅटरी, शिसं, तांबं, प्लास्टिक. 2022 या एका वर्षात जगात 6 कोटी 20 लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम बावीस टक्के रीतसर गोळा होऊन त्याचं पुन्हा काही झालं. बाकीचा कुठं कुणाच्या हातानं जाळला जातो, फोडला जातो, हे दिल्लीच्या सीलमपूरमध्ये जाऊन बघता येतं. तिथंही हातांचे ठसे ॲसिडनं झिजलेले असणार.

आता रेशनच्या ई-केवायसीला, म्हणजे ओळख पडताळून घ्यायला, चेहराही चालतो. मोबाइल समोर धरायचा, ॲप सांगेल तेव्हा डोळे मिटायचे, उघडायचे. काकूनं कोपरखैरण्याला बसून केलं, पहिल्या झटक्यात झालं, ती खूश होती. मीही तिच्यासाठी खूश झालो. मग घरी येऊन 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा काढून बसलो. संमतीवर त्यात खूप आहे. माहिती घेणाऱ्यानं काय घेतो, कशासाठी घेतो ते साध्या भाषेत सांगायचं, मागितलं तर घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या बाविसातल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही द्यायचं. दिलेली संमती परत घेता येते. वाचून बरं वाटलं, ही सहीच की. पण सरकारला अनुदान, लाभ, दाखला द्यायचा असेल तर ही संमती लागत नाही, असंही त्यात आहे. म्हणजे कंपनीपुढं माझ्या काकूला सही आहे आणि सरकारपुढं पुन्हा अंगठाच.

आजी 2022 च्या दिवाळीनंतर गेली. दिवसकार्य झाल्यावर तिची ट्रंक उघडली. वर लुगडी, त्याखाली कापडी पिशवीत कागद. मनीऑर्डरीची कुपनं होती, साठच्या दशकातली, त्यावर आजोबांनी कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या दोन-दोन ओळी. शाई तपकिरी झालेली, पण अक्षर न् अक्षर लागतं. जुनं रेशनकार्ड होतं, रॉकेल आणि साखरेच्या नोंदींचं, तेही लागतं. आणि रबरानं बांधलेला एक जुडगा, ई-पॉसच्या पावत्यांचा. उष्णतेनं छापायचा कागद तो. ऊन आणि ऊब लागली की छपाई उडते. एकही पावती वाचता येत नव्हती, सगळ्या कोऱ्या, कडेला वळलेल्या. मी एकेक सरळ करत गेलो, निदान तारीख तरी लागेल म्हणून.

उलट बाजूला निळ्या बॉलपेननं सही होती. प्रत्येकीवर. कुणी मागितली नव्हती. पावत्या तेवीस, म्हणजे तेवीस वेळा अंगठा आला होता. घरी येऊन, पिशवी उतरवून, चार अक्षरं लांब लांब, आणि वरची रेघ एका दमात.